जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरातली पाच माणसे मुंबईहून जहाजाने लक्षद्वीपला जाऊन आली. मी, माझे मिस्टर, मुलगी, मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली माझी अम्मी. परत आल्यापासून शाळेतल्या सहकारी बाया, शेजारणी, नातेवाईक सगळे एकच विचारतात, जहाज कसे होते? खोली केवढी होती? जेवण हलाल होते का? त्याची उत्तरे मी देतेच. पण जहाजापर्यंत तुम्ही पोहोचलात कसे, हे अजून एकानेही विचारलेले नाही. खरे तर आमच्या घरात सगळ्यांत जास्त वाद त्याच गोष्टीवरून झाला होता. आता आपल्यातली बरीच कुटुंबे असा सफर करू लागली आहेत, म्हणून त्याच गोष्टीबद्दल लिहिते आहे.

वाद असा होता. आम्ही चिपळूणजवळ राहतो. जहाज सुटायची वेळ संध्याकाळी पाचची होती. मिस्टरांचे म्हणणे, रात्रीच्या गाडीत बसू, पहाटे मुंबईत उतरू, स्टेशनवरच तोंड धुऊ, चहा पिऊ आणि आरामात बंदरावर जाऊ. एका रात्रीसाठी हॉटेलात पैसे कशाला घालायचे? माझ्या दिरांनी तिसराच मार्ग सुचवला. मुंब्र्याला आपली माणसे आहेत, तिथे उतरा, सकाळी लोकल पकडा. दोघांचेही बोलणे चुकीचे वाटत नव्हते. पाच तिकिटांचे पैसे भरून आमचा हात आधीच रिकामा झाला होता.

अम्मी एवढा वेळ गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुझे अब्बा दोन दिवस आधी निघायचे."

अब्बांची गोष्ट

माझे मरहूम अब्बा मालवाहू जहाजांवर खलाशी होते. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतले पुरुष याच कामावर असायचे. सीडीसीला ते 'नळी' म्हणत आणि ती नळी पत्र्याच्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी ठेवत. जहाजावर चढायच्या आधी ते मुंबईत गावच्या जमातीच्या खोलीत उतरत. डोंगरीतली ती एकच खोली, भिंतीला लागून ट्रंका रचलेल्या, मध्ये चटया. कुणाला दोन दिवसांत जहाज मिळे, कुणाला दोन महिने बसून राहावे लागे.

एका पावसाळ्यात अब्बा हिशेबाने अगदी वेळेवर निघाले. घाटात दरड आली आणि रस्ता बंद झाला. ते मुंबईत पोहोचले तेव्हा त्यांच्या जागी दुसरा माणूस चढला होता आणि जहाज गेले होते. पुढचे सात महिने ते घरी होते. त्या सात महिन्यांत अम्मीच्या हातातल्या दोन बांगड्या गेल्या, हे मला फार उशिरा कळले. त्यानंतर अब्बा नेहमी दोन दिवस आधी निघायचे. लोक हसायचे, पण त्यांनी पुन्हा कधी जहाज चुकवले नाही.

अम्मीच्या त्या एका वाक्याने आमचा वाद मिटला. आदल्या दिवशी निघायचे आणि एक रात्र बंदराजवळ काढायची असे ठरले. हिशेब केला तर दोन खोल्यांचे भाडे पाच तिकिटांच्या रकमेच्या दहाव्या हिश्श्याएवढेही नव्हते.

बस किंवा रेल्वे चुकली तर पुढची मिळते. क्रूझचे जहाज मात्र आठवड्यातून एखाद्या ठरलेल्या दिवशी सुटते आणि कुणासाठी थांबत नाही. शिवाय तिकिटावर दोन वेळा असतात, एक जहाज सुटण्याची आणि एक गेट बंद होण्याची. आमचे जहाज पाचला सुटणार होते, पण गेट दुपारी तीनला बंद होणार होते. आपले सगळे गणित या दुसऱ्या वेळेवरून मांडायचे असते. घरातल्या कॅलेंडरवर मी पाच न लिहिता तीनच लिहिले होते.

आधी नावे तपासा

हॉटेल आणि गाडीच्याही आधी एक काम करा. शाळेत जनरल रजिस्टर लिहून मला नावे तपासायची सवय लागली आहे, ती इथे उपयोगी पडली. लक्षद्वीपमध्ये जायला बाहेरच्या भारतीयांनाही प्रवेशाचा परवाना लागतो. आमचे परवान्याचे अर्ज तिकीट काढून देणाऱ्यानेच भरून घेतले. त्या कागदांवर पाहिले तर अम्मीच्या आधार कार्डावर नावापुढे 'बी' होते आणि तिकिटावर नव्हते. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंगही दोन्हीकडे वेगळे होते.

आपल्या घरांत हे नेहमीचेच आहे. शेखचे स्पेलिंग तीन प्रकारे होते, मोहम्मदचे चार प्रकारे. आजीचे नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे असते. घरात त्याने काही अडत नाही, पण बंदरावरच्या खिडकीत अडू शकते. आम्हाला निघायच्या तीन आठवडे आधी हे दिसले, म्हणून दोन फोन आणि आधारचा एक फोटो यांवर काम झाले. तिकीट हातात आले की त्याच रात्री सगळ्यांचे आधार समोर ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. मुलांची ओळखपत्रेही घ्या. हॉटेलातही प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र मागतात, एकाचे दाखवून चालत नाही.

उतरायचे कुठे?

मुंबईचे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल फोर्ट भागात बॅलार्ड पिअरला आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी स्टेशन, तिथून जेमतेम दोन किलोमीटर. म्हणून हॉटेल पाहताना मी नकाशावर ही दोन ठिकाणे धरली आणि त्यांच्या आसपासच शोधले.

मुंब्रा ते सीएसएमटी हे रेल्वेने साधारण चाळीस किलोमीटरचे अंतर आहे. एरवी आपण ते सहज करतो. पण सकाळच्या गर्दीत पाच बॅगा आणि गुडघे दुखणारी म्हातारी बाई घेऊन लोकलमध्ये चढणे कसे असते, हे मुंब्र्याची माणसेच तुम्हाला सांगतील. नातेवाइकांकडे उतरू नका असे मी म्हणत नाही. ज्याला हॉटेल परवडत नाही त्याने अवश्य नातेवाइकांकडे उतरावे. मात्र आदल्या दिवशी उतरावे आणि दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर अकराच्या सुमारास निघावे, किंवा मोठी टॅक्सी ठरवून रस्त्याने यावे. सीएसएमटीवर रेल्वेच्या रिटायरिंग रूमही आहेत. त्या रेल्वेच्या तिकिटावर ऑनलाइन मिळतात, पण लवकर भरतात.

आपल्या कुटुंबांना दोन भाग सोयीचे. एक सीएसएमटी ते क्रॉफर्ड मार्केट हा पट्टा आणि दुसरा मोहम्मद अली रोड. पहिला बंदराला जवळ आहे. दुसऱ्या भागात हलाल जेवण, मशिदी, रात्री उशिरापर्यंत चालू असलेली दुकाने असे सगळे हाताशी आहे, पण रस्त्यावर गर्दी फार. आम्ही पहिला भाग घेतला, कारण तिथून मोहम्मद अली रोडही चालत जाण्याइतका जवळ आणि जुमा मशीदही जवळ. मोहम्मद अली रोडला उतरणाऱ्यांनी टॅक्सीत बसतानाच "पुलाखालून घ्या" असे सांगावे. टॅक्सी जे. जे. उड्डाणपुलावर चढली की मधे उतरता येत नाही आणि तुमचे हॉटेल खाली मागे राहते.

पैसे भरण्याआधी हॉटेलात फोन करून मी हे प्रश्न विचारले होते. लिफ्ट आहे का, आणि ती तळमजल्यापासून आहे की आधी एक जिना चढावा लागतो? त्या भागातल्या जुन्या इमारतींत हा प्रश्न विचारावाच लागतो. गरम पाणी दिवसभर असते की सकाळचे दोन-तीन तासच? खोली सोडायची वेळ कोणती? काही ठिकाणी दुपारी बारा असते, काही ठिकाणी सकाळी दहा, तर काही ठिकाणी आल्यापासून चोवीस तास मोजतात. खोली सोडल्यावर दोन तास सामान खाली ठेवू देतील का? गाडीला उशीर झाला तर खोली राखून ठेवतील का?

शेवटचा प्रश्न विचारला हे फार बरे झाले. आमची गाडी रात्री दहाच्या आत पोहोचायची होती. मधल्या एका स्टेशनाबाहेर ती उभी राहिली ती हलेचना. आम्ही मुंबईत उतरलो तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. गाडी एक तास मागे आहे हे कळताच मी हॉटेलात फोन करून ठेवला होता, त्यामुळे खोल्या आमच्याच नावावर राहिल्या. जेवण बरोबर होते. तांदळाच्या भाकऱ्या, मटणाचे कटलेट आणि अम्मीच्या डब्यातला सांदण. त्या रात्री खोलीत पलंगावर वर्तमानपत्र पसरून आम्ही जेवलो. मिस्टर म्हणाले, "रात्रीची गाडी घेतली असती आणि ती अशीच अडली असती तर?" कुणीच काही बोलले नाही.

आपल्या गावाहून कसे यावे?

वाचक वेगवेगळ्या भागांतले आहेत, म्हणून थोडे त्याबद्दल. सोलापूरची सिद्धेश्वर, कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरकडची विदर्भ, मराठवाड्यातून येणारी देवगिरी या रात्रीच्या गाड्या सकाळी सीएसएमटीलाच येतात. त्या सोयीच्याच आहेत. मात्र जहाज शनिवारी असेल तर शुक्रवारी सकाळी पोहोचणाऱ्या गाडीचे तिकीट काढा, शनिवारी सकाळच्या नव्हे. आता रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. जहाजाचे तिकीट बरेच आधी काढलेले असते आणि मग रेल्वेची तारीख डोक्यातून जाते. ती लिहून ठेवा. बरोबर वडीलधारी असतील तर त्यांचे तिकीट काढताना ज्येष्ठ नागरिक आणि पंचेचाळीस वर्षांवरील महिलांसाठीचा लोअर बर्थचा कोटा पाहा. त्यात एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी घेता येतात, म्हणून अम्मीचे तिकीट वेगळे काढावे लागते.

विमानाने येणाऱ्यांनी तिकीट मुंबईच्या विमानतळाचे आहे की नवी मुंबईच्या, ते नीट वाचावे. मुंबई विमानतळावरून मेट्रो तीन आता थेट सीएसएमटीला येते. सामान बेताचे असेल तर टॅक्सीपेक्षा ती बरी, कारण रस्त्यावरच्या कोंडीचा तिच्यावर परिणाम होत नाही. स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने पनवेलकडून येणाऱ्यांना अटल सेतूवरून शिवडी आणि पुढे ईस्टर्न फ्रीवेने पी. डिमेलो रोडपर्यंत येता येते. तिथून बॅलार्ड पिअर जवळच. मात्र ऑरेंज गेटच्या परिसरात बोगद्याचे काम सुरू आहे, तेव्हा शेवटच्या दोन किलोमीटरांना अर्धा तास जास्तच धरावा. गाडी बंदरात लावायला जागा मिळेल असे धरून चालू नका.

पहाटे सीएसएमटीला उतरून हॉटेल दुपारी मिळणार असेल तर सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवता येते. तिथे बॅगेला कुलूप असावेच लागते. आपल्याकडे कापडी पिशव्यांची हौस, त्यांना कुलूप कसे लावणार? घरूनच कुलूप लागेल अशा बॅगा घ्या.

अम्मीची सकाळ

आदल्या रात्री बंदराजवळ राहण्याचा आणखी एक फायदा होईल असे मला वाटले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे चार-पाच तास रिकामे होते. फजरनंतर मुले परत झोपली. चहा पिताना अम्मी म्हणाली, "मुसाफिरखाना इथेच कुठेतरी आहे ना?"

माझे नाना हजला जहाजाने गेले होते. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक हाजी मुंबईहूनच जहाजात बसत. जेद्दापर्यंत आठवड्याहून अधिक दिवस लागत. 1995 साली हजची जहाजे बंद झाली आणि सगळा प्रवास विमानाने होऊ लागला. नाना जहाजाच्या आधी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरले होते. अम्मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. निरोप द्यायला घरचे सगळे मुंबईला आले होते आणि तीही बरोबर होती.

आम्ही दोघी हळूहळू चालत गेलो. आज त्या रस्त्यावर इतकी वर्दळ आहे की उभे राहायला जागा मिळत नाही. अम्मी इमारतीसमोर थांबली आणि वर बघत राहिली. तिला फार काही आठवत नव्हते. गर्दी आठवत होती, पत्र्याच्या पेट्या, बांधलेली बिछान्यांची वळकटी, आणि कुणाचीतरी अम्मा रडत होती ते आठवत होते. "आठ दिवस आधी आलो होतो," ती म्हणाली. "टोचून घ्यायचे, कागद करायचे, पैसे बदलायचे. बावांना घाई नव्हती. ते म्हणायचे, घरातून निघालो तेव्हाच सफर सुरू झाला."

मला ते पटले. आपल्या वडीलधाऱ्यांनी थांबण्याचे दिवस कधी फुकट गेले असे मानले नाही. ते दिवस सफरातच धरलेले असत. आता तिकीट मोबाइलवर येते, म्हणून आपल्याला वाटते की रस्ताही मोबाइलसारखाच चालेल.

बंदर कोणते?

दुपारी बाराला खोल्या सोडायच्या होत्या, पण हॉटेलने अर्धा तास वाढवून दिला. आम्ही शाफई असल्याने मुसाफिर म्हणून जुहर आणि असर खोलीतच कसर करून एकत्र पढलो, म्हणजे बंदरावरच्या रांगेत नमाज जाण्याची चिंता राहिली नाही. हनफी वाचकांनी आपल्या मसलकाप्रमाणे जुहर निघण्याआधी पढावी आणि असर तिच्या वेळेला. निघण्यापूर्वी आपल्या मौलाना साहेबांना हे विचारून घ्या. जहाज शुक्रवारी असेल तर मुसाफिरावर जुमा फर्ज नाही, पण पढायचा असेल तर जमातीची वेळ आणि गेटची वेळ आधी शेजारी शेजारी मांडून बघा.

दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, काळी-पिवळी टॅक्सी किंवा मोबाइलवरची गाडी घ्यावी लागते. साध्या टॅक्सीत चार माणसे बसतात आणि सामान असेल तर तीच अवघडतात. आम्ही दोन टॅक्सी केल्या आणि तिथेच घोटाळा झाला. एका टॅक्सीत मिस्टर, अम्मी आणि मुलगी, दुसरीत मी आणि मुलगा. आमचा टॅक्सीवाला भला माणूस होता, पण जहाज म्हटल्यावर त्याने गाडी भाऊच्या धक्क्याकडे घेतली.

त्याची चूक म्हणता येणार नाही. मुंबईत 'जहाज' या शब्दाला चार पत्ते आहेत. घारापुरीच्या लाँच गेटवेहून सुटतात. मांडव्याची गाड्या नेणारी रो-रो भाऊच्या धक्क्यावरून जाते. 2018 मध्ये सुरू झालेले गोव्याचे आंग्रिया जहाजही माझगावकडून सुटायचे. जुन्या माणसांसाठी कोकणची बोट म्हणजे भाऊचा धक्काच. क्रूझचे टर्मिनल मात्र बॅलार्ड पिअरला. तेव्हा टॅक्सीवाल्याला नुसते "बंदर" किंवा "क्रूझ" सांगू नका. "बॅलार्ड पिअर" म्हणा आणि तिकिटावर कोणत्या गेटचे नाव आहे ते वाचून दाखवा. माझ्या मुलाने मोबाइलचा नकाशा उघडला म्हणून आम्ही माघारी वळलो. पंचवीस मिनिटे गेली.

तिकडे मिस्टर आणि अम्मी वेळेवर पोहोचले, पण त्यांना आत सोडेनात. कारण सगळी तिकिटे, सगळ्यांची आधार कार्डे माझ्या पर्समध्ये! एका टॅक्सीत माणसे आणि दुसरीत कागद अशी आमची वाटणी झाली होती. अम्मी अर्धा तास गेटजवळच्या कठड्यावर बसून होती. ज्याचे कागद त्याच्याकडे, आणि सगळ्यांच्या प्रती आणखी एकाकडे, हा नियम मी त्या दिवशी शिकले. आम्ही गेटपाशी एकत्र आलो तेव्हा दीड वाजत होता. गेट बंद व्हायला दीड तास होता म्हणून कुणी कुणावर ओरडले नाही. हीच वेळ पावणेतीनची असती तर काय झाले असते, ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

अम्मीसाठी व्हीलचेअर हवी असे आम्ही तिकिटाच्या वेळीच लिहून दिले होते. ती मिळाली. सामानाच्या तपासणीत मात्र तिचा अडकित्ता अडला. चाळीस वर्षांचा, लाकडी मुठीचा तो अडकित्ता तिथल्या मुलीने पाकिटात घालून, नाव लिहून ठेवून घेतला. परत येताना मिळेल म्हणाली आणि तसा तो मिळालाही. पण चार दिवस अम्मी आम्हाला दातांनी सुपारी फोडायला लावत होती. कात्री, चाकू, इस्त्री असले काही बॅगेत ठेवू नका. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा वेगळ्या जातात आणि खोलीपर्यंत यायला संध्याकाळ होते. त्याच पिशवीत एक जोड कपडे, जानमाज आणि मुलांचे स्वेटर असू द्या. आत सगळीकडे एसी असतो.

काही भगिनी मला विचारतात की जहाजावर बार असतो, कॅसिनो असतो, मग आपण जावे का? हे सगळे असते, ते मी लपवत नाही. खोली निवडताना तो मजला टाळता येतो, आणि आपले पाय कुठे न्यायचे ते आपल्याच हातात असते. हलाल जेवणाचे तिकिटाच्या वेळी लेखी विचारून घ्या. खात्री नसेल तर मासे आणि शाकाहारी जेवण पुष्कळ असते. किब्ल्यासाठी मोबाइलच्या होकायंत्रावर फार विसंबू नका, लोखंडाच्या जहाजात तो चुकतो. आपल्या किनाऱ्यावरून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. मावळता सूर्य पाहून ठेवा किंवा जहाजावरच्या माणसाला दिशा विचारा.

चार रिकाम्या खुर्च्या

त्या रात्री जेवणाच्या हॉलमध्ये आमच्या शेजारच्या टेबलावर विदर्भातले एक कुटुंब होते. आठ जणांचे टेबल आणि बसलेले चौघे. म्हातारे आईवडील, मोठा मुलगा आणि सून. सून माझ्याच वयाची होती, बोलायला लागली. ते चौघे दोन दिवस आधी येऊन तिच्या बहिणीकडे कुर्ल्याला राहिले होते. धाकट्या दिराला रजा मिळाली नाही, म्हणून तो, त्याची बायको आणि दोन मुली रात्रीच्या गाडीने निघाले. सकाळी पोहोचणार होते. गाडी वाटेत पाच तास उभी राहिली. ते बंदरावर आले तेव्हा पावणेचार वाजले होते.

"गेटवरून त्याचा फोन आला," ती म्हणाली. "म्हणाला, भाभी, जहाज दिसते आहे मला."

जहाज समोर उभे होते. सुटायला सव्वा तास होता. पण गेट बंद झाले होते, यादी वर गेली होती, आणि नियम सगळ्यांना सारखाच होता. चार तिकिटांचे पैसे गेले ते गेलेच. त्या मुलींनी शाळेत सगळ्यांना सांगून ठेवले होते. त्यांची आजी समोरच्या ताटाला हात लावत नव्हती. मुलगा तिला समजावत होता, पण त्याचाही घास उतरत नव्हता. माझे मिस्टर मान खाली घालून जेवत होते. अम्मी उठली, त्या आजीशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली आणि तिच्या हातावर खजूर ठेवला. दोघी बराच वेळ बोलत होत्या.

मी त्या दिराला दोष देत नाही. आमच्या घरातही तोच बेत झाला होता, आणि रजा न मिळणे हे काही त्याच्या हातात नव्हते. पण रजा एकच दिवस मिळत असेल तर तो दिवस आधीचा घ्यावा, परतल्यानंतरचा नव्हे, एवढे मात्र मला सांगावेसे वाटते. आपण पुष्कळदा "अल्लाह मालिक आहे, पोहोचू" म्हणतो आणि निघतो. तवक्कुल हा आपल्या ईमानाचा भाग आहे. पण उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्या माणसाला रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी आधी उंट बांधायला सांगितले होते, हे लहानपणी मकतबात आपण सगळ्यांनी ऐकलेले असते. आदल्या दिवशी पोहोचणे, नावे जुळवणे, कागद वाटून घेणे हे आपले उंट बांधणे आहे. त्यापुढचे अल्लाहच्या हाती.

जहाज पाचला सुटले होते तेव्हा आम्ही सगळे वरच्या डेकवर होतो. सूर्य खाली येत होता. गोदीच्या क्रेन, मग कुलाब्याच्या इमारती मागे जाऊ लागल्या. अम्मीने दोन्ही हातांनी कठडा धरला होता. इतकी वर्षे खलाशाची बायको होती, पण जहाज सुटताना तिने कधीच पाहिले नव्हते. अब्बा एस. टी. स्टँडवरूनच निरोप घेत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन दिवस आधी का निघायचे, ते आता कळले. इथे आल्यावर माणसाच्या मनात घाई असू नये."

मगरिबची वेळ झाली. समोर पश्चिमच होती. आम्ही जानमाज पसरला.